मधल्या दराची काठी

बिलियर्डची काठी कशी निवडावी, हे मला चांगलं सांगता येतं. पन्नास वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नातीनं विचारलं. ती पुण्यात एका कंपनीत आहे, तिथे कामाच्या मधल्या वेळात सगळे पूल खेळतात, आणि तिला स्वतःची काठी घ्यायची होती. फार महाग नको, पण दोन महिन्यांत टाकून द्यावी लागेल अशीही नको. तिनं मोबाइलवर दहा-बारा काठ्यांचे फोटो दाखवले. एकीवर साप काढलेला, एकीवर निळ्या ज्वाळा. मी म्हटलं, आधी फरशीवर लोळवून बघ. ती म्हणाली, आजी, ही घरी येईपर्यंत लोळवणार कशी? मी मोबाइल तिला परत दिला. ती गेल्यावर मात्र बसल्या बसल्या सगळं आठवत गेलं. गुडघ्यांमुळे हल्ली बसणंच जास्त होतं, म्हणून लिहून टाकते.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, सांगलीतल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्डच्या टेबलाशी उभा राहून गुण पुकारणारा, चेंडू जागेवर ठेवणारा आणि काठ्यांची निगा राखणारा माणूस. आमचं मूळ गाव कराडच्या बाजूचं. जमीन धाकटे काका बघायचे आणि तात्या पलटणीत गेले. पण त्यांची बरीचशी नोकरी बंदुकीपेक्षा अधिकाऱ्यांच्या मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलाशी झाली. पेन्शनीत निघाल्यावर तेवढीच विद्या हातात होती आणि त्या विद्येला सांगलीत एकच गिऱ्हाईक होतं. क्लबाचे सभासद म्हणजे वकील, डॉक्टर, हळदीचे आणि गुळाचे मोठे व्यापारी. ते सगळे तात्यांना हवालदार म्हणत. काठीला ते क्यू म्हणत. तात्या मात्र काठीच म्हणत, आणि आमच्या घरातही ती काठीच होती.

बिलियर्डच्या खोलीमागे आम्हाला दोन खोल्या दिल्या होत्या. मधली भिंत एका विटेची. अक्काचं लग्न होऊन ती मलकापूरला गेली होती, तेव्हा घरात तात्या, आई आणि मी. संध्याकाळी भिंतीपलीकडे चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज आणि भिंतीअलीकडे आईच्या भाकरीची थाप, असं दोन्ही बरोबरच चालायचं. मला अभ्यास करताना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की चेंडू नीट लागला की कडेला घासून गेला, हे वहीतून डोकं न काढता कळायचं. व्यापारी मंडळी जोरात मारायची. डॉक्टर लोक हळू. खेळ संपला की तात्या पाठीमागच्या दारानं यायचे, हातावरचा निळा खडू धुवायचे आणि पाटावर बसायचे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी हुलग्याचं माडगं. जेवताना ते फारसं बोलत नसत. दिवसभर दुसऱ्यांचे गुण मोठ्यानं पुकारलेल्या माणसाला घरी बोलायचा कंटाळा येत असावा. मला तरी नोकरीच्या काळात यायचा.

खेळ चालू असताना त्या खोलीत बायकांनी जायचं नव्हतं. सकाळी मात्र मी तात्यांबरोबर झाडायला जात असे. टेबलाचं हिरवं कापड एकाच दिशेनं ब्रशनं झाडायचं, मग त्यावरून कोमट इस्त्री फिरवायची. काठ्यांच्या टोकाला चामड्याची टिकली असते, ती निसटली असेल तर नवी चिकटवायची. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक काठी लोळवून बघायची. टेबलावर काठी आडवी ठेवून तळहातानं हलकेच ढकलायची. सरळ काठी गुपचूप लोळत जाते. वाकलेली काठी प्रत्येक फेऱ्याला एकदा उचलून खाली आपटते, टक, टक. तात्या म्हणायचे, काठी कधी टेकून उभी ठेवायची नाही, आडवी ठेवावी नाहीतर टांगावी. तिला ऊन नको, पाणी नको. माणसापेक्षा जास्त नखरे, असं आई म्हणायची.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले त्याच्या आधीपासूनच तात्यांना दिसायचं कमी झालं होतं. बिलियर्डमध्ये एक लाल चेंडू असतो आणि दोन पांढरे. दोघांपैकी एका पांढऱ्यावर बारीक काळा ठिपका असतो, त्यावरून कुणाचा चेंडू कुठला ते ओळखायचं. तात्यांना तो ठिपका दिसेनासा झाला. आम्ही मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, थेंब दिले, आणि गेलेलं परत यायचं नाही, राहिलेलं जपा, असं म्हणाले. घरी आल्यावर आईनं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तात्यांनी, औषध दिलंय, एवढंच सांगितलं. मीही तेवढंच सांगितलं. आईनं त्यानंतर कंदिलाची काच रोज दोनदा पुसायला सुरुवात केली. वीज गेली की तोच लागायचा, पण वीज असतानाही ती पुसायची. तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. नोकरी गेली तर खोल्या जाणार होत्या आणि माझं कॉलेज जाणार होतं. हे काही बसून ठरवावं लागलं नाही.

तात्या ठिपका बोटानं चाचपून ओळखायला शिकले. चेंडू पुसायच्या निमित्तानं फडक्यात घ्यायचा आणि अंगठ्याच्या नखानं बघायचं. तरी दोनदा चुकलेच. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा एका व्यापाऱ्यानं हसून, हवालदार, रात्रीची जरा जास्त झाली काय, असं विचारलं. तात्या आयुष्यात कधी प्यायले नाहीत. पण त्यांनी हसून मान हलवली. भिंतीपलीकडून मी ते ऐकलं. आई पीठ मळत होती, तिनंही ऐकलं.

मग गणेशोत्सव झाल्यावर एका सभासदानं हरल्याच्या रागात क्लबातली सगळ्यात चांगली काठी टेबलाच्या कडेवर आपटून मोडली. दिवाळीनंतर बाहेरगावच्या क्लबांबरोबर सामने ठरले होते. क्लबाचे सेक्रेटरी वकील होते, सगळे त्यांना सेक्रेटरीसाहेबच म्हणत. त्यांनी तात्यांना बोलावून सांगितलं की एक काठी आणा. विलायती नको, तेवढं परवडणार नाही. एका पावसाळ्यात धनुष्य होईल असली हलकीही नको. मधल्या दराची, पण चांगली. तुम्ही स्वतः पारखून आणा. तात्यांनी घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले. सेक्रेटरीसाहेबांना संशय आला होता हे उघड होतं. काठी चांगली निघाली तर हवालदार अजून कामाचे, वाकडी निघाली तर नाहीत. आई म्हणाली, "शकीला संगट न्या. तिची कालिजाला सुट्टी हाय." शकी म्हणजे मी. सुट्टी नव्हती.

काठ्या मिळायच्या त्या साताऱ्याला, दस्तगीरचाचांकडे. ते पलटणीत तात्यांबरोबर सुतार होते. आता त्यांचं लाकूड कातायचं दुकान होतं. पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय, लाटणी हा त्यांचा रोजचा धंदा, आणि वरच्या थंड हवेच्या गावांतल्या जुन्या क्लबांच्या काठ्या दुरुस्तीला त्यांच्याकडेच येत. मोडक्या विलायती काठ्यांचं पुढचं लाकूड घेऊन त्याला मागे देशी शिसवाची मूठ बसवायची आणि नवी काठी तयार करायची, ही त्यांची खास कारागिरी. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. आईनं दशम्या आणि चटणी बांधून दिली होती. कराडच्या स्टँडवर तात्यांनी मला विचारलं, "कुठली पाटी हाय त्या गाडीवर?" आधी ते कधी विचारत नसत. मी पाटी वाचून दाखवली, आणि उतरेपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो.

दस्तगीरचाचांनी तात्यांना मिठी मारली, आणि मिठी सोडताना त्यांच्या डोळ्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं. चहा आला, चहात बुडवायला खारी आली. मग त्यांनी काठ्या काढल्या. एक होती कातड्याच्या नळकांड्यात, कुणा साहेबानं जाताना मागे ठेवलेली. ती नुसती दाखवायला. कोपऱ्यात दहा-बारा सागाच्या होत्या, रंगानं चकचकीत. "ह्या कॉलेजातल्या पोरांसाठी," चाचा म्हणाले, "ह्या आज सरळ, उद्या विळा." मग चटईवर त्यांनी चार काठ्या ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, तुमच्या कामाच्या ह्या.

मधल्या दराचा माल पारखणं सगळ्यात अवघड असतं. महागाची खात्री नावानं मिळते, स्वस्ताकडून आपली अपेक्षाच नसते. मधलं मात्र एकेक उलटून बघावं लागतं. तात्यांनी पहिली काठी उचलून मूठ हलकेच जमिनीवर ठोकली. आत बारीक खडखड ऐकू आली, म्हणजे सांध्याचा सरस सुटलेला. ती बाजूला गेली. दुसरी त्यांनी फरशीवर लोळवली, ती टक टक करत गेली. तीही बाजूला. उरलेल्या दोन्ही गुपचूप लोळल्या. दोन्ही त्यांनी बोटावर तोलून बघितल्या. मुठीच्या टोकापासून दोन वितींवर काठीचा तोल यावा लागतो. दोन्हींचा येत होता. एकीची मूठ सुंदर होती, काळीभोर शिसवी, तिच्यात पांढऱ्या लाकडाची नक्षी बसवलेली. दुसरीची साधी, मुठीपाशी एक गाठ, रंगही मळकट. तात्यांनी नक्षीवाली उचलली, बंदुकीसारखी डोळ्याशी धरली आणि एक डोळा मिटून टोकाकडे बघितलं. त्यांना ते टोक दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. दस्तगीरचाचांनाही कळलं असावं, कारण ते उठून उगाचच कोपऱ्यातल्या काठ्या नीट लावायला गेले आणि जाता जाता म्हणाले, "पोरीला बी बघू द्या की हवालदार. तिचं डोळं कोवळं हाईत."

"तिला काय कळतंय त्यातलं," तात्या म्हणाले. पण काठी माझ्या हातात दिली, आणि मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "शके, रेष कुठपतूर गेलीया सांग."

लाकडाच्या अंगावर उभ्या रेषा असतात. त्या मुठीपासून टोकापर्यंत सरळ गेल्या तर काठी टिकते. वाटेतच कडेला उतरल्या तर ती आज कितीही सरळ दिसो, पावसाळ्यात त्याच जागी वाकते. मी दाराच्या उजेडात गेले. नक्षीवालीच्या रेषा निम्म्यावरच तिरक्या होऊन कडेला संपत होत्या. मळकटीच्या रेषा अगदी टोकाच्या पितळी टोपीपर्यंत गेल्या होत्या, आखल्यासारख्या. मला नक्षीवाली आवडली होती हे इथे लिहायला हरकत नाही. मी तात्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी मळकट काठी घेतली, अंगठ्याच्या नखानं तिच्या अंगावरून एकदा वरपासून खालपर्यंत जाऊन आले, आणि म्हणाले, "हीच."

दस्तगीरचाचांनी ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिली. देताना मला म्हणाले, "बेटी, लाकूड पक्कं हाय, पण अजून तेल प्यायलं न्हाई. मी दोन हात दिल्यात. घरी आनकी दोन द्या, जवसाच्या तेलाचं. तवर पाणी लागू द्यायचं न्हाई." तात्या पैसे मोजत होते. चाचा हे माझ्याशी बोलत होते. मी हो म्हटलं.

परतीच्या गाडीत गर्दी होती. कंडक्टरनं आमच्या हातातलं लांबडं गाठोडं बघून विचारलं, "काठी घिऊन निघालाय, म्हसरं कुठं हाईत?" गाडीतली माणसं हसली. तात्याही हसले, आणि म्हणाले, "म्हसरं सांगलीत हाईत, येकेक वकील हाय." मी त्यांना इतक्या मोकळेपणानं बोलताना फार दिवसांनी ऐकलं. सबंध वाट त्यांनी ती काठी दोन्ही हातांत उभी धरली, कुठे टेकू दिली नाही. पेठनाक्याच्या पुढे त्यांना डुलकी लागली तेव्हा मी धरली.

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती. बिलियर्डच्या खोलीला चुना लावायचं काम चाललं होतं आणि क्लब दसऱ्यापर्यंत बंद होता, त्यामुळे काठी आमच्या घरातच राहिली. एरवी क्लबातली एक काठी तात्या तिथेच टेबलावर ठेवून तिला हळदकुंकू लावत, घरी काठी कधी यायची नाही. आमच्या घरची पूजा वेगळी असायची. शेती सुटली तरी आईनं गावाकडचा एक विळा आणि एक खुरपं जपून ठेवलं होतं. ते, घरातली विळी, कात्री, तात्यांच्या पलटणीच्या पट्ट्याचं पितळी बक्कल, असं सगळं पाटावर मांडून पूजा करायची. आणि पूजेच्या आधी सगळं धुऊन घ्यायचं. न धुतलेलं हत्यार पूजेला लावायचं नाही, हा आईचा नियम. तात्या झेंडूची फुलं आणायला मंडईत गेले होते. आईनं नळाखाली माझ्यासमोर सगळं आणून ठेवलं, आणि वर काठीही आणून दिली.

मी म्हटलं, तिला पाणी चालत नाही. आई म्हणाली, "कुणाकुणाचा हात लागलाय तिला, कुठल्या कुठल्या मोडक्यातनं जोडलीया. येक पाण्याचा हात दिला तर विरगळतीया व्हय?" हे सांगताना मी नेहमी इथेच थांबत असे. आईनं सांगितलं आणि मी केलं, असं. ते पुरतं खरं नाही. आईनं एक पाण्याचा हात सांगितला होता. पुढचं माझं मी केलं. मला पहाटेपासून भांडी, अंथरुणं, चुलीचं सारवण असं काम पडलं होतं आणि मी कंटाळले होते. विळा आणि खुरपं मी राखेनं घासलं आणि बादलीत भिजत ठेवलं, कारण लाकडी मूठ पाण्यात फुगली की पात्यात घट्ट बसते. शेतकऱ्याच्या घरात हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना येतंच. काठीही तर मुठीत जोडलेलीच होती. तिचाही सांधा घट्ट बसेल, असं मला वाटलं. मी ती शिकेकाईच्या पाण्यानं टोकापासून खसाखसा घासली, चाचांचं तेल निघून लाकूड पांढरं पडेपर्यंत, आणि मूठ खाली करून खुरप्याशेजारी बादलीत उभी केली. अर्ध्या तासानं काढली आणि भिंतीला टेकून उन्हात ठेवली. दसऱ्याच्या सुमाराचं ऊन कसं असतं हे सांगलीकराला सांगायला नको.

तात्या आले तेव्हा सगळं पाटावर मांडलं होतं. काठी वाळली होती. पाटापुढे फरशीवर आडवी ठेवली तेव्हाच मला दिसलं की तिचं टोक फरशीला लागत नाही. मी वर झेंडूची फुलं टाकली. तात्यांनी काठीला हळदकुंकवाची बोटं लावली आणि हात जोडले. मला वाटलं, ओल आहे, संध्याकाळपर्यंत आपोआप बसेल. तो दिवस मी दर तासाला जाऊन बघत होते.

दसऱ्याच्या दुपारी, पुरणपोळीचं जेवण झाल्यावर, तात्यांनी जवसाच्या तेलाची वाटी मागितली. चाचांनी सांगितलेले दोन हात द्यायचे होते. तेल लावायच्या आधी त्यांनी सवयीनं काठी शहाबादी फरशीवर ठेवली आणि ढकलली.

टक. टक. टक. ती भिंतीला जाऊन थांबली.

आई चुलीपाशी तवा घासत होती, तिचा हात थांबला. तात्या म्हणाले, "शके, कितीक वाकलीया?"

"बोटभर."

"मधी का टोकाला?"

"टोकाकडं."

"कवापासनं?"

मी सांगितलं, कालपासून. धुतली. भिजत ठेवली. उन्हात टेकली. तिन्ही गोष्टी ओळीनं सांगितल्या. आई म्हणाली, मीच धुवायला सांगितली. तात्यांनी तेलाची वाटी पालथ्या ताटलीनं झाकली, सांडू नये म्हणून.

मग मी जे बोलले ते मला अजून स्पष्ट आठवतं, कारण त्यात माझा बराच विचार झालेला होता. काल दुपारपासून मी तोच विचार करत होते. मी म्हटलं, "चाचांनी ओलं लाकूड दिलं म्हणू. घरी आल्यावर वाकली म्हणू. साहेबांना काय कळतंय? ते साताऱ्याला जाऊन विचारणार हाईत काय?" व्यवहाराला धरून होतं ते. नोकरी राहिली असती, खोल्या राहिल्या असत्या. चाचांची आणि क्लबाची कधी गाठ पडली नसती.

तात्या म्हणाले, "त्यानं ओलं दिलं न्हाई."

एवढंच. रागावून नाही. गुण पुकारायचे त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं आणि काठी माझ्या हातात दिली. सेक्रेटरीसाहेब बिलियर्डच्या खोलीतच होते, ओल्या चुन्याचा वास येत होता. मी त्या खोलीत सभासदासमोर पहिल्यांदाच उभी होते. तात्यांनी सांगितलं की काठी चांगली होती, माझ्या घरात धुतली गेली आणि वाकली, कारागिराचा दोष नाही. सेक्रेटरीसाहेबांनी काठी टेबलावर लोळवून ऐकली आणि म्हणाले, "हवालदार, काठीचं एवढं काही नाही हो. दुसरी आणता येईल. मला दुसरंच विचारायचं होतं, ते ठिपक्याच्या चेंडूचं…"

"न्हाई दिसत साहेब," तात्या म्हणाले. "दोन वर्सं झाली."

साहेब खुर्चीवर बसले. मला वाटतं त्यांना हे इतक्या लवकर, इतक्या सरळ नको होतं. वकिलाला माणसानं थोडं तरी आडवळणानं बोललेलं बरं वाटतं. दिवाळीपर्यंत खोल्यांत राहा, असं ते म्हणाले. मग काठी निवडली कुणी, ते विचारलं. तात्यांनी माझ्याकडे हात केला. साहेबांनी मला विचारलं, कशावरून निवडलीस? मी रेषांचं सांगितलं, ठोकून ऐकण्याचं सांगितलं, तोलाचं सांगितलं. त्यांनी काठी पुन्हा लोळवली आणि माझ्याकडे बघितलं, परीक्षा घेतल्यासारखं. मी म्हटलं, वाक बोटभर आहे, पण काठीच्या पुढच्या निम्म्यातच आहे, मागची सरळ आहे. त्यांनी दोरी ताणून बघितली. तसंच होतं.

काठीची किंमत तात्यांच्या शेवटच्या पगारातून वळती झाली, त्यात गैर काही नव्हतं. काठी आमची झाली. सेक्रेटरीसाहेबांच्या मेव्हण्यांचा कुपवाडला पंपाचे लोखंडी दांडे बनवायचा छोटा कारखाना होता. साहेबांनी चिठ्ठी दिली. दिवाळीनंतर मी कॉलेज सोडून तिथे लागले. सपाट ओतीव पाट्यावर एकेक दांडा लोळवायचा, वाकडा असेल तो बाजूला काढायचा. दांडे घोळवून साफ करणारी मशीन दणदण वाजत असायची, त्या आवाजात कान लावून ऐकायचं. कामावरची माणसं आधी हसली. नंतर काही अडलं की त्यांतलीच, "आवं बाई, हे जरा ऐका," असं म्हणत दांडा घेऊन येऊ लागली. मी तिथे आणि पुढे शेजारच्या मोठ्या कारखान्यात मिळून तीस वर्षं काढली. मला ते काम आवडायचं का, असं मध्यंतरी कुणीतरी विचारलं. काम होतं. पाय फार दुखायचे.

तात्यांची नजर पुढच्या चार वर्षांत पूर्ण गेली. कुपवाडच्या वाटेवर आम्ही भाड्याची जागा घेतली होती, तिथे ते दारात बसून असायचे. एकदा मी कारखान्याच्या मालकांना विचारून एक चांगला, घासून पुरा झालेला दांडा घरी आणला. तात्यांच्या हातात दिला. त्यांनी नखानं वरपासून खालपर्यंत बघितला, मूठ शोधली, नव्हती. मग मी तो फरशीवर ठेवून त्यांच्या पायापासून भिंतीपर्यंत लोळवला.

तात्या कान देऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "लोळवलास व्हय? मला कायच ऐकू आलं न्हाई."

मी म्हटलं, "लोळवला, तात्या. भिंतीला लागला बी."

"मग पास कर," ते म्हणाले, आणि तोंड दुसरीकडे केलं.

ती काठी अजून आहे. पितळी टोपी मी काढून टाकली, तिचा हिरवा कळंक कपड्यांना लागत होता. आई होती तोवर आई, आणि नंतर मी, त्या काठीनं उंच दोरीवर साड्या वाळत घालत आलो. पाणी आणि ऊन तिला रोजच लागतं, पण त्या दिवसानंतर ती आणखी वाकली नाही. वर्षातून एकदा खंडेनवमीला मी लोळवून बघते. न धुता. टोकाकडचा तो बोटभर बाक साडीचा काठ दोरीपलीकडे ढकलायला बरा पडतो.